आगोट आली, घर आवरा



मुलूख बदलला की ऋतूचा जाचही बदलतो. काश्मीरकडे हिवाळा कडक असतो. तेथे बर्फ पडते आणि वाटा बंद होतात. म्हणून तिकडच्या बाया उन्हाळ्यातच भाज्या चिरून वाळवतात आणि त्यांच्या माळा करून टांगतात. पुरुष सरपण रचून ठेवतात. बर्फ पडू लागले की घरात असेल तेवढ्यावर भागवायचे.

आपल्याकडची थंडी ती काय! अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या बाजूला पौषात चार रात्री गारठा पडतो. अंगावर गोधडी ओढली की झाले. आपला कडक ऋतू म्हणजे पावसाळा. भिंत खचते ती पावसात. धान्याला बुरशी येते ती पावसात. साप घरात शिरतो, तापाची साथ येते, तीही पावसातच. म्हणून पावसाआधी घर आवरायची आणि सामान भरायची आपली जुनी रीत आहे. तिला आगोटीची तयारी म्हणतात. ती रीत आज कशी पाळावी, ते या पाठात पाहू.

आधीच का करायचे?

पुष्कळ लोक म्हणतात, "पाऊस तर येऊ दे. कुठं गळतंय ते पाहू, मग करू."

हे बोलणे ऐकायला शहाणपणाचे वाटते; पण आगोटीची बहुतेक कामे पावसात करताच येत नाहीत. ओल्या कौलांवर चढता येत नाही, पाय सरकतो. ओल्या भिंतीला लिंपण धरत नाही. मिरची वाळत नाही, धान्य वाळत नाही. सुतार, गवंडी मिळत नाहीत, कारण त्या वेळी सगळ्यांनाच ते हवे असतात. ताडपत्रीचा भावही चढतो. वैशाखात जे काम दोन दिवसांत होते, ते आषाढात महिनाभर होत नाही.

मग पाऊस कधी धरायचा? मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मुंबईच्या बाजूला पावसाळा साधारण ११ जूनला सुरू होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, असे हवामान खाते धरते. पण हा सरासरीचा हिशेब झाला. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला. इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. म्हणून मृगाच्या भरवशावर राहू नये. छपराचे आणि भिंतीचे काम १५ मेच्या आत उरकावे.

छपरावर किती पाणी पडते?

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. रेडिओवर, टीव्हीवर हा शब्द नेहमी ऐकू येतो. त्याचा अर्थ सोपा आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले.

आता आपल्या घराचा हिशेब करू. घर वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद आहे असे धरा. त्याचे छप्पर सुमारे २८ चौरस मीटर भरते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावर २,८०० लिटर पाणी पडते. म्हणजे २०० लिटरची चौदा पिंपे! त्यातला शंभरावा भाग जरी आत आला, तरी २८ लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी घरात. आपल्याकडे असा दिवस आषाढ-श्रावणात अनेकदा येतो.

२६ जुलै २००५ या दिवशी तर मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या त्या वीस फुटी घरावर तेवढा पाऊस पडला, तर पाण्याची १३२ पिंपे होतील.

हे पाणी घरात तीन वाटांनी येते. वरून, बाजूने आणि खालून. आपणही त्याच क्रमाने काम करावे. आधी छप्पर, मग भिंत, मग जमीन. खालचे काम आधी केले, तर छपरावरून पडणारी माती आणि कौलांचे तुकडे त्यावरच पडतात.

वरून येणारे पाणी

छपराची तपासणी घरात बसून करता येते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या. आत अंधार झाला की वर पाहा. जेथून उन्हाचा कवडसा येतो, तेथून पाणीही येणार. जमिनीवर कवडसा पडेल तेथे कोळशाने खूण करू नका, कारण ऊन हलते आणि कवडसाही हलतो. वर ज्या वाशाजवळ भोक दिसेल, त्या वाशावर खूण करा. वळवाची एखादी सर आली तर ती फुकटची परीक्षा समजा. गळेल त्या जागा वाशावर मांडून ठेवा.

कौलारू घर असेल, तर फुटलेले कौल बदला. तडा गेलेल्या कौलाला सिमेंट लावून ते फार दिवस टिकत नाही. मांजरे आणि माकडे कौले सरकवतात, ती जागेवर बसवा. आढ्यावरची कोनाची कौले हलवून पाहा. दोन छपरे मिळतात तेथे पन्हळ असते. तिच्यात पाला साठतो, पाणी तुंबते आणि उलटे घरात येते. तो पाला काढा. रिपा आणि वासे बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की आत वाळवी आहे असे समजावे. दहाबारा जादा कौले अंगणात ठेवावीत. भर पावसात एखादे फुटले, तर धावाधाव होत नाही.

पत्र्याचे घर असेल, तर पाणी बहुधा बोल्टाच्या भोकातून येते. पत्र्याच्या वरच्या बाजूने वायसर पाहा. कुजले असतील तर नवे घाला आणि वर डांबर लावा. दोन पत्र्यांच्या जोडाचे तोंड पश्चिमेला नसावे. आपला पावसाचा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. जोडाचे तोंड तिकडे असले, की वारा पाणी आत ढकलतो आणि एखादे वेळी पत्राच उचलतो.

पत्रा उडू नये म्हणून काही जण वर दगड आणि जुने टायर ठेवतात. दगड वाऱ्याने घसरतो आणि खाली माणसाच्या डोक्यात पडतो. टायरात पाणी साठते आणि डास होतात. त्यापेक्षा पत्रा तारेने वाशाला आवळून बांधावा.

आता एक गोष्ट जिवाची. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊन उभे राहू नये. तो दिसतो मजबूत. पण उन्हापावसाने ठिसूळ होतो आणि काडकन मोडतो. दरवर्षी किती तरी कमावती माणसे अशी खाली पडून जायबंदी होतात. चढायचेच असेल तर दोन-तीन वाशांवर भार जाईल अशी लांब फळी किंवा शिडी आडवी टाकावी आणि तिच्यावर चालावे. खाली एक माणूस उभा असावा. या जुन्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असतात. त्यांची धूळ छातीत गेली तर पुढे मोठे दुखणे होते. म्हणून असा पत्रा करवतीने कापू नये आणि कोरडा घासू नये.

गच्चीचे घर असेल, तर पाणी जायचे भोक आधी मोकळे करा. पाणी वाहून गेले तर बारीक भेग एकवार चालते. पाणी साचून राहिले की तीच भेग घर ओले करते.

बाजूने येणारे पाणी

वाऱ्याबरोबर पाऊस तिरका येतो. त्याला आपण झड म्हणतो. झड पश्चिमेच्या भिंतीला जास्त लागते. आपली वडीलधारी माणसे त्या बाजूला माडाच्या किंवा ताडाच्या पानांचे झाप बांधत. आता लोक मेणकापड लावतात. काहीही लावा, पण भिंत आणि झाप यांच्यामध्ये वीतभर जागा सोडा. तेथून वारा खेळतो. मेणकापड भिंतीला चिकटून बसले, तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतल्या आत कुजते.

मातीची भिंत असेल, तर भेगा भरून शेणामातीचे लिंपण करावे. मातीत भाताचा तूस किंवा बारीक पेंढा मिसळला म्हणजे लिंपण वाळताना तडकत नाही. ते वाळायला आठदहा दिवस कडक ऊन लागते. विटांच्या भिंतीला तडा असेल, तर तो मोकळा करून, पाणी मारून, मग सिमेंट-वाळूने भरावा. नुसते वरवर फासू नये.

लाकडी दारे पावसात फुगतात आणि अडकतात. आत्ताच त्यांच्या कडांना मेणबत्ती घासून ठेवावी. रात्री पळायची वेळ आली, तर दार एका झटक्यात उघडले पाहिजे.

भिंत पडण्याआधी खुणा दाखवते. पोट फुगते. भेग कालच्यापेक्षा रुंद दिसते. गिलाव्याचे ढलपे पडतात. काल सहज लागणारे दार आज लागत नाही. या खुणा दिसल्या, तर त्या खोलीत झोपू नये. मुलाबाळांना घेऊन शेजारी जावे. भिंत पुन्हा बांधता येते.

ज्यांचे घर डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यांनी डोंगराकडेही पाहावे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. लोक झोपेत होते. पुष्कळ माणसे गेली. आपल्या मलंगगडापासून ते डोंगर फार दूर नाहीत. उतारावर नवी भेग पडली, झाडे वाकू लागली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ आले, तर तेथे थांबू नये. गावाला आणि तलाठ्याला लगेच कळवावे.

खालून येणारे पाणी

आपल्या भागात दोन नद्या आहेत. उल्हास मोठी. ती खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूरवरून कल्याणकडे जाते. वालधुनी लहान. ती अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघते आणि अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हासला मिळते. वालधुनीच्या काठीच आपले प्राचीन शिवमंदिर उभे आहे. ते शिलाहार राजांच्या काळातले. त्यावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. काळ्या दगडाच्या त्या देवळाने साडेनऊशेहून जास्त पावसाळे पाहिले. आपली घरे माती-विटांची आणि पत्र्याची. त्यांना दरवर्षी हात लावावाच लागतो.

उन्हाळ्यात या नद्या पाहिल्या तर भीती वाटत नाही. पण वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, की सकाळी पाणी अंगणात असते. २००५ साली असेच झाले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुराने रूळ बुडाले. महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त उतारूंना बचाव दलाने बाहेर काढले. २०२१ च्या जुलैतही बदलापुरात पूर आला. जेथे आगगाडी अडकते, तेथे आपल्या पत्र्याच्या घराची काय कथा!

म्हणून मे महिन्यात हे करावे. घराभोवती वीतभर खोल चर खणावा आणि त्याचा उतार गटाराकडे काढावा. पागोळीचे पाणी जोत्याजवळ मुरू देऊ नये. ते मुरले की पाया भुसभुशीत होतो. जोत्याला पडलेली उंदरांची बिळे दगड-सिमेंटने बुजवावीत. पाणी त्याच वाटेने आत येते.

आता गटाराबद्दल. जावसई, बुवापाडा, खुंटवली, कोठेही जा, मे महिन्यात गटार उपसलेले दिसते आणि काढलेला गाळ काठावरच पडलेला दिसतो. पहिला पाऊस तो गाळ पुन्हा गटारात लोटतो. मग उपसून काय मिळवले? गाळ काढला की त्याच दिवशी उचलून न्यावा. नगरपालिकेने उचलला नाही, तर गल्लीतल्या चार जणांनी मिळून अर्ज करावा. आता आपल्याला अर्ज लिहिता येतो. प्लॅस्टिकची पिशवी गटारात टाकू नये, हे तर घरातल्या लहान पोरालाही सांगावे.

आणखी एक सोपे काम. आपल्या गल्लीत मागल्या पुरात पाणी कोठवर आले होते, ते जुन्या माणसांना विचारा. तेवढ्या उंचीवर घरात भिंतीवर रंगाने रेघ ओढा. धान्य, गोधड्या, कागद आणि मुलांची पुस्तके नेहमी त्या रेघेच्या वर ठेवा. पाणी उंबऱ्याला लागले की निघायचे, असे घरात ठरवून ठेवा. कोणाकडे जायचे, म्हाताऱ्या आईला कोणी धरायचे, गाई-म्हशीचे दावे कोणी सोडायचे, हेही आधीच ठरवा. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट गड्यालाही पाडते. म्हणून पाणी वाढेपर्यंत वाट पाहू नये.

विजेची तपासणी

पुराने मरतात तशी माणसे विजेच्या धक्क्यानेही मरतात. पावसात पत्रा ओला, भिंत ओली आणि पायही ओले. तुटक्या वायरीतून वीज पत्र्यात उतरते. बाई कपडे वाळत घालायला तारेला हात लावते आणि चिकटते. सोडवायला धावणाराही चिकटतो.

हे टाळता येते. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नका. नायलॉनची किंवा सुताची दोरी बांधा. विजेची वायर पत्र्याला घासत असेल, तर जाणकार तारतंत्र्याकडून ती उचलून घ्या. जमिनीलगतचे खटके वर न्या. गळती झाली की आपोआप वीज तोडणारे बटण मिळते. ते घरात बसवून घ्यावे. त्याला पैसे पडतात, पण जीव वाचतो. मुख्य बटण कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. घरात पाणी शिरण्याची चिन्हे दिसली, की कोरड्या पायाने आधी ते बंद करावे. कोणी चिकटला तर त्याला हात लावू नये. आधी वीज तोडावी. ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. रस्त्यात तार तुटून पडली, तर लांब राहावे आणि महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

न बोलावलेले पाहुणे

पावसाचे पाणी बिळात शिरले, की उंदीर आणि साप कोरडी जागा शोधत आपल्या घरी येतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप फार विषारी. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो. पावसाळ्यात खाटेवर झोपावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली दाबाव्यात. साप आणि डास दोन्ही बाहेर राहतात. खाट नसेल तरी मच्छरदाणी लावावीच. सरपण, विटा, भंगार घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, जखम कापू नये, दोरी आवळू नये. माणसाला चालवू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलावून इस्पितळात न्यावे. सापाच्या विषावरचे औषध तेथेच मिळते.

उंदरांचा आणखी एक धोका आहे. त्यांचे मूत पुराच्या पाण्यात मिसळते. पायाला जखम असेल, तर त्यातून लेप्टो नावाचा रोग अंगात शिरतो. घाण पाण्यात जायचे असेल तर गमबूट घालावेत. घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. तशा पाण्यात गेल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नये. डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यात गेलो होतो," असे सांगावे. तेवढ्या एका वाक्याने औषध लवकर सुरू होते.

डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. करवंटी, टायर, फुटका डबा, कुंडीखालची ताटली, यांत तो अंडी घालतो. आठदहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासावीत आणि कोरडी ठेवावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. भंगार आत्ताच भंगारवाल्याला द्यावे.

प्यायचे पाणी पावसाळाभर उकळून प्यावे. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते घोट घोट पाजत राहावे. मूल मलूल झाले तर लगेच दवाखान्यात न्यावे.

आगोटीचे सामान

हे काम आपल्या बायाबापड्या आमच्यापेक्षा चांगले जाणतात. मसाला कुटून ठेवणे, पापड, कुरडया, सांडगे, लोणचे, आमसुले, चिंच, सुके बोंबील, सुकट, कांद्याच्या माळा. हे सारे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. आम्ही त्यातले फक्त कारण सांगतो.

किडा आणि बुरशी दोघांनाही ओल लागते. ओल नाही, तर ते वाढत नाहीत. म्हणून धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवावे. वाळलेले धान्य गरम असताना डब्यात भरू नये. त्याची वाफ झाकणाला लागते, गार होऊन तिचे पाणी होते आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर सावलीत निववून सकाळी भरावे. कणगी किंवा पिंप जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि भिंतीपासून हातभर दूर असावे. बुरशी आलेले धान्य धुऊन खाऊ नये. त्यातले विष धुऊन जात नाही.

अंबरनाथला एके काळी विमकोचा आगपेट्यांचा कारखाना होता. आजही लोक विमको नाका म्हणतात. पण आगपेट्यांच्या गावातली आगपेटीही पावसात सादळते! घट्ट झाकणाच्या डब्यात चार आगपेट्या, मेणबत्त्या आणि एक विजेरी ठेवावी.

सरपण आणि गोवऱ्या आडोशाला, जमिनीपासून उंच रचाव्यात. कपडे वाळवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस त्याने झोपेतच मरतो. शेगडी पेटवायची तर खिडकी उघडी हवी आणि झोपण्याआधी ती बाहेर काढायला हवी.

कागद आणि एक वही

पुरात भांडी गेली तर ती पुन्हा घेता येतात. शिधापत्रिका, आधार, सातबाराचा उतारा, बँकेचे पुस्तक, घराची पावती, मुलांचे शाळेचे दाखले गेले, तर कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा ओल्या दाखल्यांचा लगदा हातात घेऊन आलेले आईबाप पाहिले आहेत. अक्षर पुसलेले असे. मुलाची जन्मतारीख कशावरून लावायची, हा प्रश्न पडे. म्हणून सगळे कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी अशी घालून, पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. डबा रेघेच्या वर असावा आणि चटकन हाती लागावा.

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग करा. एक लहान वही करा. तिच्यात तीन गोष्टी लिहा. एक, कोठे काय गळते आणि ते कधी दुरुस्त केले. दोन, महत्त्वाचे फोन: १०८ रुग्णवाहिका, ११२ तातडीची मदत, १९१२ वीज. त्यांच्याखाली नातेवाईकांचे आणि शेजाऱ्यांचे. फोन पाण्यात पडला तर त्यातले नंबर जातात, वहीतले राहतात. तीन, हवामान खात्याचे रंग. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल रंग सांगितला त्या दिवशी मुलांना नदीनाल्याकडे जाऊ देऊ नये.

सावड

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे सारं खरं, पण पैसा कुठून आणायचा?" वर सांगितलेली कितीतरी कामे मेहनतीची आहेत. चर खणणे, कवडसे पाहणे, रेघ ओढणे, बिळे बुजवणे, कागद बांधणे यांना पैसा फार लागत नाही, वेळ लागतो. शेतात आपण सावड करतो. आज माझ्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात मी येतो. छपरासाठीही सावड करावी. पाच घरांनी पाच रविवार ठरवावेत. ज्या घरी एकटी बाई किंवा म्हातारा जीव आहे, त्या घराचा पहिला रविवार असावा. त्यांचे छप्पर मे महिन्यात शाकारून दिले, तर जुलैच्या रात्री त्यांना बाहेर काढायची वेळ येणार नाही.

घर भाड्याचे असेल, तर मालकाला एप्रिलमध्येच लेखी सांगावे. इमारत जुनी असून नगरपालिकेने ती धोकादायक ठरवली असेल, तर त्या नोटिशीकडे काणाडोळा करू नये. ती स्वतः वाचावी, सर्वांना वाचून दाखवावी आणि पावसाआधी दुसरी सोय पाहावी.

ध्यानात ठेवा

१. छपराचे आणि भिंतीचे काम १५ मेच्या आत उरकावे.
२. आधी छप्पर, मग भिंत, मग जमीन.
३. सिमेंटच्या पत्र्यावर फळीशिवाय पाय ठेवू नये.
४. कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नये.
५. मच्छरदाणी लावून झोपावे. साप चावला तर इस्पितळ गाठावे.
६. धान्य वाळवून, निववून भरावे.
७. कागद पिशवीत, पिशवी डब्यात, डबा रेघेच्या वर.
८. भिंतीने खूण दाखवली की त्या रात्री तेथे झोपू नये.

सांगा पाहू

१. तुमच्या घराच्या छपरावर १०० मिलिमीटर पावसात किती पाणी पडेल? लांबी-रुंदी मोजून हिशेब करा.
२. तुमच्या गल्लीत मागल्या पुराचे पाणी कोठवर आले होते? जुन्या माणसांना विचारून वहीत लिहा.
३. तुमच्या गल्लीत सावडीचा पहिला रविवार कोणत्या घराचा असावा?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात सर्वांनी मिळून ठरवावे आणि येत्या रविवारीच कामाला लागावे.